पपई, स्कूटी आणि सोळावी जोडी

प्रश्न : माझं वय ३७. इचलकरंजीजवळ राहते. मिस्टरांचे यंत्रमाग आहेत, हिशेब मी बघते. नवरा माझा आतेभाऊ, म्हणजे सासूबाई माझ्या सख्ख्या आत्या. दोन वर्षांपूर्वी आठव्या आठवड्यात गर्भ पडला, तेव्हा काही तपासलं नाही. यंदा दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके बंद झालेले दिसले. क्युरेटिंग केलं, तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये 'ट्रायसोमी १६' आलं. डॉक्टर म्हणाले, "गुणसूत्राचा दोष, तुमच्या हातात काही नव्हतं," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आत्या म्हणते, मी सातव्या आठवड्यापर्यंत स्कूटी चालवली, शेजारी पपई खाल्ली, ग्रहणात विळीवर भाजी चिरली. नणंद म्हणते, नात्यातलं लग्न नडलं. मिस्टर काहीच बोलत नाहीत, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मागावर बसतात. एका सेंटरने आयव्हीएफ करून गर्भ तपासूनच ठेवू असं सांगितलंय, खर्च लाखांत. शेजारीण म्हणते गुणसूत्राच्या दोषातून कॅन्सरही होतो. माझं नेमकं काय चुकलं? पुन्हा असंच होईल का? आणि मूल झालं तर मंगोल होईल का? (नाव छापू नये)

उत्तर : रिपोर्टची झेरॉक्स सोबत जोडलीत हे फार बरं केलंत. त्या एका कागदामुळे तुमच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने नाही, ठामपणे देता येतात. बायकांच्या फायली बघण्यात माझी पंचवीस-तीस वर्षं गेली. पडलेल्या गर्भाचा तुकडा तपासलेला असतो अशा फायली त्यांत थोड्याच. बाकीच्या बायका आयुष्यभर मनातल्या मनात कारणं शोधत बसतात. एक जण तर दुरेघी वही घेऊन आली होती. तीन महिन्यांत काय काय खाल्लं, कुठे कुठे गेली, कितव्या पायरीवर पाय घसरला, सगळं तारीखवार. हिंगाच्या फोडणीपुढेही प्रश्नचिन्ह काढलं होतं.

तुमची वही आता मिटू या.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे आई-बापाकडून आलेली माहिती साठवणारे धागे, असतात. त्यांच्या २३ जोड्या. एक आईकडची, एक बापाकडची. प्रयोगशाळेत त्यांचा फोटो काढून मोठ्यापासून लहानापर्यंत जोडीजोडीने मांडतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या आखूड सुरवंटांची रांग लावल्यासारखं दिसतं. तुमच्या गर्भाच्या रांगेत पंधरापर्यंत सगळं ठीक, सतरापासून पुढेही ठीक, फक्त सोळाच्या जागी दोनाऐवजी तीन. एकूण ४७. रिपोर्टवर '४७' आणि 'अधिक १६' लिहिलंय त्याचा अर्थ एवढाच, आणि दोनाऐवजी तीन असण्यालाच ट्रायसोमी म्हणतात.

(मोजदाद अवघड असते, बरं का. १९२३ पासून तीसेक वर्षं पुस्तकांत माणसाची गुणसूत्रं ४८ अशीच छापली जात होती. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेवान यांनी ती नीट पसरवून मोजली, तेव्हा ४६ भरली. मोठमोठ्या लोकांनी आधी ४८ वाचलं म्हणून मायक्रोस्कोपखालीही त्यांना ४८ च दिसत राहिली.)

आता ही तिसरी सोळा आली कुठून आणि कधी? यातला 'कधी' जास्त महत्त्वाचा, कारण आत्यांचे सगळे आरोप तारखेवरच उभे आहेत.

स्त्रीबीजात गुणसूत्रं निम्मी, म्हणजे २३ च असावी लागतात. शुक्रजंतूकडची २३ येऊन मिळाली की पुन्हा ४६ होतात. ही निम्मी करण्याची वाटणी पेशीच्या आत सुताने होते. तर्कू हा शब्द शाळेत ऐकला असेल. संस्कृतात तर्कू म्हणजे सूत कातायची चाती. पेशी विभागायची वेळ आली की तिच्यात बारीक तंतूंची एक चाती उभी राहते. प्रत्येक जोडीतल्या एकीला एका बाजूचा तंतू धरतो, दुसरीला दुसऱ्या बाजूचा, आणि दोघींना विरुद्ध दिशांना ओढून नेतात. ओढेपर्यंत जोडी एकमेकींना धरून राहायला हवी, तरच तंतूंना ताण लागतो आणि कोण कुठे जाणार हे ठरतं. ताण नसलेलं सूत कसं भरकटतं हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या त्या बीजात सोळाव्या जोडीची पकड सैल पडली आणि दोघी एकाच बाजूला गेल्या. बीजात सोळा नंबरच्या दोन, त्यात शुक्रजंतूची एक. तीन.

म्हणजे ज्या क्षणी गर्भ राहिला त्या पहिल्या पेशीतच ४७ होती. पुढच्या प्रत्येक पेशीत तीच नक्कल उतरली. स्कूटी सातव्या आठवड्यापर्यंत चाललेली असो की चालवलीच नसो, पपई खाल्लेली असो की नुसती बघितलेली असो, मोजणी त्याआधीच झाली होती. पिकलेल्या पपईच्या चार फोडींनी गर्भ पडत नाही हे एरवीही खरंच, कच्च्या पपईच्या चिकाची गोष्ट वेगळी. पण इथे तो वादच निघत नाही. खाण्याच्या कुठल्याही पदार्थाला पेशीत एक जास्तीचं गुणसूत्र घालता येत नाही. ग्रहणालाही नाही.

हे पकड सैल पडणं का होतं, तेही सांगते. बापाकडची बीजं वयात आल्यापासून रोज नवी तयार होतात. आईकडची तशी होत नाहीत. मुलगी पाच महिन्यांची गर्भात असते तेव्हा तिच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात त्यातली चारशे-पाचशेच बाहेर पडतात. गंमत अशी की ही सगळी बीजं आईच्या पोटात असतानाच वाटणीला सुरुवात करतात. जोड्या जुळतात, एकमेकींशी थोडी देवाणघेवाणही करतात आणि मग तशाच थांबतात. विभाजन अर्ध्यावर. ज्या महिन्यात ते बीज पिकेल त्या महिन्यात पुढचं काम. तोपर्यंत जोड्यांना धरून ठेवणारी कोहेसिन नावाची प्रथिनांची कडी असते. ती एकदाच घातली जाते, जवळजवळ बदलली जात नाही, आणि वर्षागणिक झिजते. मागावर ताणा भरून माग बंद ठेवला आणि सदतीस वर्षांनी बटण दाबलं, तर बहुतेक दोरे टिकतील, एखादा तुटेल. पस्तिशीनंतर गर्भ पडण्याचं प्रमाण वाढतं त्याचं मोठं कारण हेच.

थोडं मागे जाऊन बघा. तुमच्या आईचं डोहाळजेवण झालं असेल सातव्या महिन्यात. आई झोपाळ्यावर, तुम्ही आईच्या पोटात, आणि ते बीज तुमच्या पोटात, जोड्या जुळवून थांबलेलं. तुमच्या आत्या त्या दिवशी तिथे असणारच. भावजयीच्या डोहाळजेवणाला नणंद नाही असं होत नाही. त्यांनी ओटी भरली तेव्हा ते बीज तिथे होतं.

'बीज आईचं' हे वाक्य घरात चुकीच्या पद्धतीने फिरू शकतं, त्याची मला कल्पना आहे. ट्रायसोमी १६ मध्ये ही चूक जवळजवळ नेहमीच स्त्रीबीजाच्या पहिल्या वाटणीत झालेली असते. ते तसंच सांगायला हवं, कारण त्यामुळे मिस्टरांच्या डोक्यावरचं एक ओझं उतरतं. रात्री दोनपर्यंत मागावर बसणाऱ्या माणसाला बहुधा वाटतंय की दोष आपलाच. नाही. आणि तुमचाही नाही. चूक कुठे झाली एवढंच हा कागद सांगतो. कुणी केली याला त्यात रकाना नाही. तरुण मुलींच्या बीजांतही अशा चुका होतात, फक्त कमी. ट्रायसोमी १६ तर इतकी नेहमीची आहे की साधारण शंभरातल्या एखाद्या गरोदरपणात ती असते आणि पडलेल्या गर्भांत सापडणाऱ्या ट्रायसोमींमध्ये तिचा पहिला नंबर लागतो. सगळ्या पेशींत तीन सोळा असलेलं बाळ जन्माला येतच नाही. गोळ्या, इंजेक्शनं, पूर्ण आराम, काहीही केलं असतं तरी हा गर्भ वाढणार नव्हता.

नणंदेचं म्हणणं मात्र मी एका वाक्यात उडवून लावणार नाही, कारण ते दुसऱ्या ठिकाणी खरं आहे. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. आते-मामे भावंडांची गुणसूत्रांतली बरीचशी माहिती एकाच आजी-आजोबांकडून आलेली असते. त्यामुळे एखाद्या जनुकातला, म्हणजे गुणसूत्रावरच्या माहितीच्या एका तुकड्यातला, छुपा दोष दोघांकडेही असण्याची, आणि मुलात तो जोडीने येण्याची शक्यता वाढते. कुठल्याही जोडप्यात बाळात मोठा दोष असण्याची शक्यता दोन-तीन टक्के धरतात, सख्ख्या आते-मामे भावंडांत ती साधारण चार ते सहा टक्के. पण तो दोष जनुकातल्या अक्षरांचा. तुमच्या रिपोर्टमधला दोष अख्ख्या गुणसूत्राच्या वाटणीचा. पुस्तकात छपाईची चूक असणं वेगळं आणि बाइंडरने पानांचा एक अख्खा गठ्ठा दोनदा शिवणं वेगळं. नात्यातल्या लग्नाने दुसरी चूक वाढत नाही. पहिलीसाठी मात्र पुढचे दिवस राहण्याआधी दोघांची थॅलेसेमियाची (हा रक्ताचा आनुवंशिक आजार) रक्ततपासणी करून घ्या आणि दोन्हीकडच्या घरांत लहानपणी गेलेली, ऐकू न येणारी किंवा वाढ खुंटलेली मुलं होती का, याची यादी करून जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या घरात हे सोपं आहे. दोन्हीकडची वंशावळ आत्यांच्याच तोंडपाठ असणार.

कॅन्सरचं शेजारणीने वाचलं ते खोटं नाही, पण तुमच्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या शरीरात पेशी सतत दुभंगत असतात. कातडी, आतडं, रक्त सगळं त्यावरच चालतं. प्रत्येक वेळी पेशी आधी तपासते की सगळी गुणसूत्रं तंतूंना लागली का, एक जरी सुटं असेल तर पुढे जात नाही. ही राखण बिघडली की गुणसूत्रांची संख्या वाटेल तशी होते, आणि बऱ्याच कॅन्सरच्या पेशींत तशी ती झालेली दिसते. थिओडोर बोव्हेरी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने समुद्री अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत दोन-दोन शुक्रजंतू शिरल्यावर वाटणीचा कसा गोंधळ होतो ते पाहिलं होतं, आणि १९१४ मध्ये त्याने कॅन्सरबद्दल हा अंदाज मांडला. पण तुमची ४७ गुणसूत्रं त्या गर्भात होती, तुमच्या शरीरात नाहीत. शेजारणीला चहा द्या, मोबाइल बाजूला ठेवायला सांगा.

पुन्हा होईल का? इथे मला तुम्हाला खोटा धीर द्यायचा नाही. तुमच्या वयात कळून आलेल्या गरोदरपणांपैकी साधारण चारांतलं एक पडतं, आणि दोन झाल्यावर ही शक्यता थोडी वाढते. तरीही पुढच्या वेळी मूल हातात येण्याची शक्यता न येण्यापेक्षा बरीच जास्त आहे. एक बीज चुकलं म्हणून पुढचं चुकतंच असं नाही. प्रत्येकाची वाटणी वेगळी होते. सहा महिने थांबा असं पूर्वी सांगत. आता तसं सांगत नाहीत. एक पाळी नीट येऊ द्या, मन तयार असेल तर पुढे चला. तुमच्या वयात थांबून मिळत काही नाही, उलट जातं.

दुसऱ्या गर्भाचं कारण कळलं म्हणून पहिल्याचंही तेच असेल असं मात्र धरता येत नाही. म्हणून थायरॉइड, साखर, गर्भाशयाचा आकार बघायला थ्री-डी सोनोग्राफी आणि रक्तात गाठी करणाऱ्या फॉस्फोलिपिड अँटीबॉडीची तपासणी करून घ्या. ही शेवटची गर्भ पडल्यावर दीड महिना जाऊ देऊन करायची आणि काही निघालं तर बारा आठवड्यांनी पुन्हा करायची, एकदाच करून औषध सुरू करायचं नाही. तुमच्या दोघांच्या स्वतःच्या गुणसूत्रांची तपासणी केली तरी चालेल, पण घाई नाही. गर्भाच्या रिपोर्टमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला दिसला असता, तर मी ती आधी करायला लावली असती. तुमच्याकडे सुटी, अख्खी सोळा जास्त आहे.

टॉर्चची (टोक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांची) रक्ततपासणी कुणी लिहून दिली तर का हवी ते विचारा. वारंवार गर्भ पडण्यात तिचा काही उपयोग नाही हे बरेच दिवस माहीत आहे, तरी ती चिठ्ठीवर येतेच, आणि मग एखादी 'पॉझिटिव्ह' निघून बाई उगाच घाबरते. फॉस्फोलिपिड अँटीबॉडी नसताना रक्त पातळ करायची इंजेक्शनं पोटात टोचून घेऊ नका. फॉलिक ॲसिडची गोळी आजपासून चालू करा. तिने गुणसूत्रांची वाटणी सुधारत नाही, पण बाळाच्या मणक्याचा आणि मेंदूचा एक गंभीर दोष टळतो आणि त्यासाठी ती दिवस राहण्याआधी पोटात असावी लागते. घरात मिशरी किंवा तंबाखू असेल तर ती दोघांचीही बंद. हे मी सगळ्यांनाच सांगते, तुमच्यावर संशय म्हणून नाही.

आता त्या सेंटरचं. ते सांगतायत ती पद्धत खरी आहे. बाहेर गर्भ तयार करायचा, पाचव्या दिवशी त्याच्या कडेच्या चार-सहा पेशी काढून गुणसूत्रं मोजायची आणि ४६ भरतील तोच आत ठेवायचा. पण मोजल्याने बीजं सुधारत नाहीत. सदतीस-अडतिसाव्या वर्षी असे तपासलेले चाळीस टक्क्यांच्या वर गर्भ चुकीच्या मोजणीचे निघतात, म्हणजे हाती लागलेल्या दोन-तीनांतून एखादा उरतो, कधी तोही नाही. तुम्हाला दोन्ही वेळा दिवस आपसूक राहिले आहेत. अशा जोडप्यांना या मार्गाने मूल होण्याचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही, आणि वारंवार गर्भ पडतो म्हणून सरसकट हे करा अशी शिफारसही नाही. माग गहाण टाकून तर मुळीच करू नका. पुढे आणखी एकदा असंच झालं आणि पुन्हा आपसूक दिवस राहण्याची वाट बघायची मनाची तयारीच राहिली नाही, तर त्या वेळी हा विचार करायला जागा आहे.

शेवटचा प्रश्न तुम्ही 'मंगोल' शब्दाने विचारलात. तो शब्द सोडून द्या. मंगोलियाच्या प्रतिनिधींनीच १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला तो वापरू नका म्हणून सांगितलं आणि संघटनेने तो टाकला. डाउन सिंड्रोम म्हणा. त्यात २१ नंबरची गुणसूत्रं तीन असतात. हे लहानातलं लहान गुणसूत्र, म्हणून तिसरी प्रत असूनही मूल जगू शकतं, आणि नीट उपचार व शिक्षण मिळालं तर बरंच पुढेही जातं. १८ आणि १३ नंबरची तीन असली तर क्वचितच मूल जन्माला येतं आणि बहुतेक वेळा वर्षभरही जगत नाही. लिंग ठरवणाऱ्या एक्स-वायच्या जोडीत गडबड असेल तर गोष्ट पुष्कळदा सौम्य. एक एक्स जास्त असलेल्या कित्येक पुरुषांना ते लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतं.

अडतिसाव्या वर्षी बाळंत होणाऱ्या सुमारे १८० बायकांत एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असतो. आधी ट्रायसोमी होऊन गेल्याने तुमच्या बाबतीत हे किंचित जास्त धरतात, फार नाही. दिवस राहिले की सातव्या आठवड्यात ठोके बघा. दहाव्यानंतर आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएचे तुकडे तपासणारी एनआयपीटी करता येते, किंवा अकरा ते चौदा आठवड्यांच्या मध्ये बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर ही रक्ततपासणी. पैसे असतील तर पहिली जास्त अचूक, पण एनटी सोनोग्राफी तिच्यासोबतही सोडू नका. या चाळण्या आहेत, निकाल नव्हे. चाळणीत अडकलं तर सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला गर्भजल तपासून खात्री करायची, त्याआधी कुठलाही निर्णय घ्यायचा नाही. निर्णय काय घ्यायचा ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ आठवड्यांनंतरही कायद्याने वाट आहे, त्यामुळे घाईघाईत कुणाला सही देऊ नका. मुलगा की मुलगी हे यातल्या कुठल्याही तपासणीत तुम्हाला सांगितलं जाणार नाही, आत्यांनी विचारलं तरी.

पुढच्या वेळी दवाखान्यात एकट्या जाऊ नका. मिस्टर आणि आत्या दोघांनाही न्या, ओपीडी संपत आली असेल अशी वेळ मागून घ्या, आणि रिपोर्ट डॉक्टरांनाच मोठ्याने वाचायला सांगा. सून सांगते ते आणि डॉक्टर सांगतात ते, यात आपल्याकडे फरक पडतो. आत्यांना तुम्ही आवडतच नसता तर त्यांनी भाची सून करून आणली नसती. त्यांनाही हे दुसऱ्यांदा गेलेलं सोसलेलं नाही, म्हणून त्या स्कूटीवर राग काढतायत. दवाखान्यात जाताना त्यांना स्कूटीवरच मागे बसवून न्या. रिपोर्टची मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, लॅमिनेट करू नका.